जुलैत मेलबर्नला येताय, तर आधी इथल्या हवेबद्दल

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. अंबाजोगाईहून जुलैत मेलबर्नला यायचं ठरलंय, सोबत पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी, मुलीला बालदम्याचा त्रास. थंडी किती असते, कपडे काय आणायचे, घर कुठं बघायचं आणि शेती करणाऱ्या आईवडिलांना पहिल्यांदा कधी बोलवायचं, असं तुम्ही विचारलंय. मी मूळची उदगीरची, बरीच वर्षं इथं आहे. उत्तर लांबणार आहे, पण मुलीच्या दम्याचा भाग तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी थंडीचं बोलू, कारण सगळे त्याचीच भीती घालतात. जुलैत इथं दुपारचा पारा 14 अंशांच्या आसपास असतो आणि पहाटे 6-7 वर येतो. परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे एवढी थंडी आपण काढलेली आहे. फरक दुपारचा आहे. आपल्याकडं दहा वाजले की ऊन अंगावर येतं, स्वेटर निघतो. इथं दुपारसुद्धा गारच राहते, वर वारा असतो, आणि जूनच्या अखेरीला संध्याकाळी पाच-सव्वापाचला दिवस मावळतो. तरी महिना-दीड महिन्यात अंगाला सवय होते. शहरात बर्फ पडत नाही. बर्फाळ देशांतले फोटो बघून जड कोट विकत घेऊ नका.

ज्याची सवय व्हायला खरा वेळ लागतो, ते म्हणजे हवेचं पालटणं. आपण मराठवाड्याची माणसं ऋतू वाचणारी. मृग निघाला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पुष्यानं झड लावली, अशी नक्षत्रांवर आपली बोलणी चालतात. एकदा उन्हाळा लागला की मार्च ते मे उद्या काय होईल याचा विचार करावा लागत नाही, ऊन पडणारच. इथं ऋतू वाचून भागत नाही, प्रहर वाचावा लागतो. सकाळी धुकं, अकराला लख्ख ऊन, दोनला आडवा पाऊस आणि चारला पुन्हा ऊन, हे इथं नवल नाही.

यामागचं कारण समजून घेतलं तर गोंधळ कमी होतो. मेलबर्नच्या उत्तरेला खंडाचा तापलेला, कोरडा अंतर्भाग आहे आणि दक्षिणेला बास सामुद्रधुनी, त्यापलीकडं थेट अंटार्क्टिकापर्यंत पसरलेला दक्षिण महासागर. पश्चिमेकडून एकामागून एक थंड आघाड्या, म्हणजे पुढं सरकणाऱ्या गार हवेच्या कडा, येत राहतात. आघाडी येण्याआधी वारा उत्तरेचा असतो, तो उन्हाळ्यात भट्टीसारखा. आघाडी गेली की वारा नैर्ऋत्येचा होतो, समुद्रावरून येणारा, गार. आपल्या मनात उत्तरेचा वारा म्हणजे थंडी. इथं ते बरोबर उलटं धरायचं. जानेवारीत 40 अंशांवर गेलेला पारा अर्ध्या तासात 10-15 अंशांनी खाली येतो. हा बदल कोणत्या भागात साधारण किती वाजता पोहोचेल, हे इथलं हवामान खातं सांगतं आणि त्याचा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. त्यांचं ॲप फोनमध्ये घ्या. त्यातला पावसाच्या रडारचा नकाशा बघायला शिका. मुलीला शाळेतून आणायला निघताना तो बघायची सवय लागली की निम्मी चिंता मिटते.

वाऱ्याच्या या पालटाचं दुसरं रूप फार गंभीर आहे. 7 फेब्रुवारी 2009 ला मेलबर्नमध्ये 46.4 अंश तापमान नोंदलं गेलं, आजवरचं सर्वाधिक. त्या दिवशी व्हिक्टोरिया राज्यात लागलेल्या वणव्यांत 173 माणसं गेली. संध्याकाळी वारा नैर्ऋत्येला फिरला, तेव्हा आगीची लांबलचक कड एकदम तोंड होऊन पुढं सरकली. म्हणून उन्हाळ्यात इथं आगबंदीचे दिवस जाहीर होतात. त्या दिवशी उघड्यावर चूल, शेकोटी काहीही पेटवायचं नाही. हा नियम मनापासून पाळा. सणाचं कारण त्यापुढं चालत नाही आणि चालूही नये.

ऋतू उलटे असतात हे तुम्हाला माहीत असेलच, पण सणवार आले की ते खरं जाणवतं. संक्रांत भर उन्हाळ्यात येते, गुढीपाडवा पानगळीत, गणपती थंडी सरताना. दिवाळी वसंतात येते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास पुढं केलेली असल्यामुळं पणत्या लावायला आठ-सव्वाआठ वाजेपर्यंत अंधाराची वाट बघावी लागते. आंबा इथं उत्तरेकडच्या राज्यांतून येतो, साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे आमरस दिवाळी-नाताळच्या ताटात. केशर-हापूसची सर नाही, पण मुलांना तेच गोड लागतं.

इथले मूळ रहिवासी, वुरुंजेरी लोक, या भागाचे सात ऋतू मानत आले आहेत. जानेवारी-फेब्रुवारीचा कोरडा काळ, मार्चमधला वाम माशांचा, हिवाळ्यातला वोंबॅट प्राण्याचा, ऑगस्टमधला ऑर्किडच्या फुलांचा, मग बेडकांच्या पिल्लांचा, नोव्हेंबरमध्ये गवत फुलण्याचा आणि डिसेंबरमध्ये कांगारू-ॲपल नावाच्या झुडपाला फळं येण्याचा. शिवाय दरवर्षी न येणारे दोन वेगळे काळ: वणव्याचा आणि पुराचा. मला हे चार इंग्रजी ऋतूंपेक्षा कितीतरी जवळचं वाटतं. जमिनीवर राहणाऱ्या माणसानं बघून बघून बांधलेलं ज्ञान आहे हे, आपल्या नक्षत्रांसारखं. त्यातला नोव्हेंबरचा गवत फुलण्याचा ऋतू तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

आता मुलीबद्दल. वसंतात मेलबर्नच्या उत्तर-पश्चिमेकडच्या कुरणांमध्ये रायग्रास नावाचं गवत फुलतं आणि उत्तरेच्या वाऱ्यानं त्याचे परागकण शहरावर येतात. अशा दिवशी गडगडाटी वादळ आलं तर परागकण ओलावा धरून फुटतात. त्यांचे अतिसूक्ष्म तुकडे वादळाच्या पुढं धावणाऱ्या वाऱ्यासोबत जमिनीलगत येतात आणि श्वासातून थेट फुफ्फुसात खोल जातात. 21 नोव्हेंबर 2016 च्या संध्याकाळी हेच घडलं. काही तासांत हजारो माणसं दवाखान्यांत पोहोचली, रुग्णवाहिका पुरल्या नाहीत आणि 10 जणांचा जीव गेला. भारतीय आणि आशियाई वंशाच्या लोकांना त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं जास्त त्रास झाला, हे नंतरच्या अभ्यासांत पुढं आलं. ज्यांना फक्त वसंतातल्या शिंका आणि सर्दी होती, आधी दमा कधीच नव्हता, असेही त्यात होते.

हे घाबरवायला सांगत नाही. तयारी सोपी आहे आणि ती वेळेत करायची आहे, एवढंच. निघण्याआधी अंबाजोगाईच्या डॉक्टरांकडून मुलीच्या औषधांचं इंग्रजीतलं पत्र घ्या. इथं आल्यावर पहिल्या महिन्यातच जवळच्या जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला दाखवा आणि दम्याचा लेखी आराखडा करून घ्या. शाळा तो मागतेच. रोजचं, दमा आटोक्यात ठेवणारं औषध लागणार असेल तर ते सप्टेंबरच्या आत सुरू व्हायला हवं, हे डॉक्टरांना आठवणीनं विचारा. त्रास झाल्यावर ओढायचा निळा पंप इथं औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. एक घरी, एक दप्तरात, एक तुमच्याजवळ ठेवा, सोबत स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी. 1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर या काळात सरकारच्या आपत्ती सूचनांच्या ॲपवर वादळी दम्याचा रोजचा धोका दिसतो. धोका जास्त असेल त्या दिवशी वादळ यायच्या आधी मुलगी घरात हवी, खिडक्या बंद आणि एसी आतलीच हवा फिरवणारा. पाऊस येतोय म्हणून अंगणात नाचायचं, हे आपल्याकडचं सुख त्या एका दिवशी बाजूला ठेवायचं. तुम्हा दोघांनाही दोन-तीन वसंत गेल्यावर शिंका, डोळे चुरचुरणं सुरू झालं तर ते साधी सर्दी म्हणून सोडू नका. बाहेरून आलेल्या बऱ्याच जणांना ही ॲलर्जी इथं आल्यावर काही वर्षांनी जडते.

घराचं. आपली माणसं पश्चिमेकडच्या टारनीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या भागांत बरीच आहेत. हा सगळा पट्टा बेसॉल्टच्या पठारावर आहे, आपल्या दख्खनसारखाच ज्वालामुखीतून आलेला. माती चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी. आणि ऐका, तो भाग पर्जन्यछायेतसुद्धा आहे. नैर्ऋत्येकडच्या ऑटवेच्या डोंगरांनी पाऊस अडवल्यामुळं शहराच्या पूर्वेपेक्षा तिथं पाऊस बराच कमी आणि मोकळ्या माळावर वारा भरपूर. मेलबर्न शहराचा वर्षाचा सरासरी पाऊस 650 मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या मराठवाड्याएवढाच. फक्त आपला बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि यांचा बारा महिन्यांत विभागून. त्यामुळं इथं पाऊस सतत आहे असं वाटतं, पण एका रात्रीत ओढे भरतील असा तो क्वचित. क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे: ऑक्टोबर 2022 मध्ये मॅरिबिरनाँग नदीनं शहरातल्या घरांत पाणी घातलं. भाड्याचं असो की विकतचं, नदीकाठच्या घरासाठी पुराचा नकाशा बघूनच होकार द्या.

घर बघताना कंपास घेऊन जा. दक्षिण गोलार्धात सूर्य दुपारी उत्तरेला असतो, म्हणून बैठकीच्या खोलीच्या खिडक्या उत्तरेला असतील तर हिवाळ्यात ऊन थेट आत येतं. दक्षिणेकडं तोंड असलेली खोली जुलैत दिवसभर गारठलेली राहते. जुन्या घरांच्या भिंती-छतात थंडी अडवणारा थर अनेकदा नसतो आणि खिडक्यांना एकेरी काच असते. बाहेरपेक्षा घरातच जास्त थंडी वाजते, ही इथं नव्यानं आलेल्या प्रत्येकाची तक्रार. भाड्याच्या घराच्या मुख्य खोलीत बसवलेला हीटर असणं कायद्यानं बंधनकारक आहे. तो चालू करून दाखवायला सांगा. भिंतींच्या कोपऱ्यांत, कपाटामागं काळी बुरशी आहे का बघा. दम्याच्या लेकराला ती चालत नाही. फोडणी घालताना एक्झॉस्ट लावा आणि कपडे वाळत घातलेल्या खोलीत मुलीला झोपवू नका.

आईवडिलांना मार्चच्या मध्यावर बोलवा. ज्वारी-हरभरा निघालेला असतो, गावाकडं ऊन चढायला लागलेलं असतं आणि मृगाला अजून अवकाश असतो. इथं तेव्हा हवा वर्षातली सगळ्यात स्थिर, ना घाम ना थरथर, आणि पानगळीचे रंग. मेच्या मध्याला परत पाठवा, पेरणीपूर्व मशागतीला वडील घरी पोहोचलेले बरे. जून-जुलैत बोलवलंत तर ते खिडकीशी बसून राहतील, आणि घरच्या पेरणीची काळजी इथं करतील.

शेतकऱ्याच्या घरचे आहात म्हणून एक आणखी. इथल्या आणि तिथल्या पावसाची दोरी बऱ्याचदा एकाच ठिकाणाहून हलते. एल निनो असला, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं, की आपला मोसमी पाऊस ओढ देण्याची शक्यता वाढते आणि पूर्व ऑस्ट्रेलियाही कोरडा पडतो. 2023 मध्ये एल निनो होता आणि त्या वर्षीचा ऑगस्ट भारतात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला. हिंद महासागराचं तापमान मात्र दोघांना उलटं वागवतं. त्याचा पश्चिम भाग जास्त तापला की आपल्याकडं पाऊस वाढतो आणि इथं घटतो. 2019 मध्ये ते जोरात झालं. मोसमी पाऊस परतायला ऑक्टोबर उजाडला, पावसानं मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन शेतात कुजलं, आणि त्याच उन्हाळ्यात इथं आग्नेय ऑस्ट्रेलिया महिनोन्‌महिने जळत होता. जानेवारी 2020 मध्ये मेलबर्नच्या आकाशात धूर भरला होता. तेव्हापासून इथल्या हवामान खात्याचा समुद्राच्या तापमानाचा अहवाल मी गावाकडच्या जमिनीसाठीही वाचते. तुम्हीही वाचाल.

आता जुलैच्या बॅगेचं. एक जाड कोट आणण्यापेक्षा पातळ थर आणा: आतून थर्मल, वर सुती, त्यावर स्वेटर. पाऊस-वारा अडवणारं, टोपी असलेलं जॅकेट मात्र इथं येऊन घ्या. छत्री इथल्या वाऱ्यात उलटी होते. मुलीसाठी कानटोपी, मोजे आणि घरात घालायच्या उबदार चपला. उन्हाची टोपी आणि सनस्क्रीनही ऑगस्टच्या मध्यापासून लागतं, कारण इथल्या उन्हातले अतिनील किरण गार दिवशीही कातडी भाजतात. हिवाळ्यात मात्र आपल्या सावळ्या कातडीला ऊन कमी पडतं, तेव्हा आल्यावर ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. गोधडी आणता आली तर जरूर आणा, तिच्यासारखी ऊब इथल्या पांघरुणांत नाही.

विमानतळावरून आधी कोणत्या भागात उतरणार आहात ते कळवा. मुलीची नियमित औषधं कोणती, तेही लिहा. त्या भागातले दवाखाने कोणते, नवीन रुग्ण कुठं घेतात, हे मी तुम्ही निघायच्या आत विचारून ठेवते.