वाचकांचे प्रश्न : जुने खरेदीखत, नवी नोंद

प्रश्न : आमच्या आजोबांनी १९६२ साली अडीच एकर वावर विकत घेतले. सातबाऱ्यावर आधी त्यांचे, मग वडिलांचे आणि आता आमचे नाव आहे. मूळ खरेदीखत घरात कुठेच सापडत नाही. बँक कर्जासाठी तेच मागते. नक्कल कुठे मिळेल? – एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : मूळ कागद हरवला तरी दस्त हरवत नाही. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत दुय्यम निबंधकाच्या (दस्त नोंदवणारा अधिकारी) पुस्तक क्रमांक १ मध्ये राहते आणि हे पुस्तक कायम जपायचे असते. तिथून मिळणारी सही-शिक्क्याची नक्कल नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ नुसार मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला चालते. खरी अडचण आहे ती दस्ताचा क्रमांक शोधण्याची.

तिथे सरळ जाऊन 'बासष्ट सालचे बघा' म्हटले तर हाती काही लागणार नाही. आधी सातबाऱ्यापासून मागे चालत जा. संगणकीकृत उताऱ्यावर नावाशेजारी कंसात फेरफार (हक्कबदलाची नोंद) क्रमांक असतो, खाली 'जुने फेरफार क्रमांक' अशी यादीही असते. हस्तलिखित उताऱ्यात हाच आकडा वर्तुळात दिसतो. वडिलांच्या नावाचा फेरफार वारसाचा निघेल, तो तुमच्या कामाचा नाही. त्याच्याही मागे, आजोबांचे नाव पहिल्यांदा लागले तो फेरफार हवा. तलाठी कार्यालयात (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे) किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या क्रमांकाच्या गाव नमुना ६ ची (फेरफार नोंदवहीची) नक्कल मागा. धुळे जिल्ह्यातल्या वाचकांनी आधी महाभूमीचे (महसूल विभागाचे) जुन्या अभिलेखांचे संकेतस्थळ पाहावे. तिथे स्कॅन केलेले फेरफार आणि सातबारे घरबसल्या मिळतात. फेरफाराच्या मजकुरात बहुतेक वेळा 'रजिस्टर खरेदीखत', त्याचा क्रमांक, तारीख, लिहून देणार, लिहून घेणार आणि किंमत एवढे सगळे लिहिलेले असते. हा क्रमांक, वर्ष आणि गाव लिहून तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे नकलेचा अर्ज करा.

फेरफारात क्रमांक लिहिलेला नसेल तर सूची पाहाव्या लागतात. सूची क्रमांक १ पक्षकारांच्या नावांची आणि सूची क्रमांक २ मिळकतीची. दोन्ही वर्षवार असतात आणि शोधाचे शुल्क वर्षागणिक पडते, म्हणून साल नक्की नसेल तर आगेमागे दोन-तीन वर्षे धरा, सरसकट दहा वर्षे मागू नका. नोंदणी विभागाचे ऑनलाइन ई-सर्च सोयीचे आहे, पण मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राची माहिती तिथे २००२ पासूनची आहे. बासष्टसाठी कार्यालयातच जावे लागेल.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती गोष्ट. तुम्ही गट नंबर सांगाल आणि बासष्टच्या सूचीत सर्व्हे नंबर असेल. विखुरलेले तुकडे एकत्र करण्याच्या एकत्रीकरण योजनेत गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट आले. तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घ्या. त्यात जुना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि नवा गट समोरासमोर मिळतो. हा उतारा हातात नसताना सूची चाळणे म्हणजे वेळ वाया. क्षेत्राचीही जुळणी करून ठेवा : अडीच एकर म्हणजे १०० गुंठे, म्हणजे साधारण १ हेक्टर १ आर. खरेदीखतातला आकडा आणि आजचा आकडा यांत एखाद-दुसऱ्या आरचा फरक चालतो. दहा-वीस आरचा फरक दिसला तर मधल्या काळात पोटहिस्सा पडला किंवा काही क्षेत्र विकले गेले, असे समजून मधले फेरफार वाचा.

गावा-तालुक्यांची नावेही जुनी धरा. १९०६ पासून खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होते, नंतर ते जळगाव आणि धुळे झाले. नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्यामुळे शहादा-तळोद्याचे त्याआधीचे कागद 'जि. धुळे' म्हणून सापडतात. मुक्ताईनगरचे एदलाबाद म्हणून, आणि धरणगावचे एरंडोल तालुक्यात. पन्नासच्या दशकाआधीचा कागद मोडीत असू शकतो. तसा निघाला तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, अंदाजाने वाचू नका. मोडीत नावे आणि आकडे चुकीचे वाचले जाण्याची भीती फार असते.

नक्कल मिळाली की बँक बहुधा मूळ दस्त गहाळ झाल्याची पोलीस नोंद आणि वर्तमानपत्रातली जाहीर सूचना मागते. ही दोन्ही कामे नकलेच्या अर्जासोबतच सुरू करा.

प्रश्न : आबांनी १९८७ मध्ये एक एकर जमीन स्टॅम्प पेपरवर लिहून घेतली, पूर्ण पैसे दिले, ताबाही घेतला. तेव्हापासून आम्हीच कसतो आहोत. विकणारे वारले. तो कागद आता नोंदवता येईल का? – रावेर

उत्तर : नाही. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला हजर करावा लागतो. अपरिहार्य कारण असेल तर दंड भरून पुढचे चार महिने मिळतात, त्यापुढे कायद्यात वाट नाही. शंभर रुपये आणि त्याहून जास्त किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, त्यामुळे सातबाऱ्यावर ती जमीन अजून विकणाऱ्याचीच आहे.

तरी तो कागद फेकू नका. २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या करारांना ताब्याचे संरक्षण हवे असेल तर नोंदणी लागते. तुमचा कागद त्याआधीचा आहे, म्हणून लेखी करार, दिलेले पैसे आणि ताबा दाखवून विकणाऱ्याच्या वारसांना तुमचा ताबा काढण्यापासून रोखता येऊ शकते. मालकी मात्र त्याने मिळत नाही.

योग्य मार्ग नव्या खरेदीखताचा. आधी विकणाऱ्याच्या वारसांची नोंद गाव नमुना ६ क (वारस नोंदवही) मधून सातबाऱ्यावर लागू द्या. मग सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. आपल्याकडे भावांच्या सह्या घेऊन काम आटोपतात आणि बहिणींना विचारत नाहीत. त्यांचा हक्क कायद्याने आहे. त्यांना वगळून केलेला दस्त तेवढ्या हिश्श्यापुरता कच्चा राहतो आणि पुढे हरकत येतेच. मुद्रांक १९८७ च्या किमतीवर लागणार नाही. आजचे वार्षिक बाजारमूल्य आणि दस्तातली रक्कम यांत जी जास्त, तिच्यावर लागेल. नोंदणी शुल्क एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि तुकडेबंदी कायद्यात बागायतीचे प्रमाणभूत (किमान) क्षेत्र १० गुंठे व जिरायतीचे २०, त्यामुळे तुमचा भाग बसतो. मात्र विकणाऱ्याकडे उरणारे क्षेत्रही त्याहून कमी असता कामा नये, हे पाहा.

वारस तयार नसतील तर दिवाणी न्यायालय उरते आणि तिथे मुदतीचा प्रश्न आडवा येतो. त्यांनी स्पष्ट नकार दिला असेल तर वकिलाकडे जायला एक दिवसही घालवू नका.

प्रश्न : खरेदीखत नोंदवून तीन महिने झाले, सातबारा बदलत नाही. – शिरपूर

उत्तर : दुय्यम निबंधकाकडून माहिती आपोआप फेरफार प्रणालीत जाते, तुम्हाला वेगळा अर्ज करावा लागत नाही. त्यानंतर संबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. 'आपली चावडी' या महसूल विभागाच्या संकेतस्थळावर गाव निवडून नोटीस निघाली का, एवढे आधी पाहा.

नोटीस निघूनही नोंद अडली असेल तर कारण बहुधा यांतले असते : दस्तातले विकणाऱ्याचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नाही, दस्तातले क्षेत्र सातबाऱ्यावरच्या शिल्लक क्षेत्राहून जास्त आहे, जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असून परवानगी जोडलेली नाही, किंवा कुणी हरकत घेतली आहे. हरकत असेल तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते, तिथे हजर राहा. निकाल विरोधात गेला तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकारी) अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. दस्तातच गट नंबर चुकला असेल तर तलाठ्याला दुरुस्त करता येत नाही. दोन्ही पक्षांनी चूक दुरुस्ती पत्र नोंदवावे लागते. विकणारा येत नसेल तर दिवाणी दावा.

प्रश्न : तळोद्याकडे आदिवासी खातेदाराची जमीन स्वस्तात मिळते आहे, विकणारा राजी आहे. आम्ही बिगर आदिवासी. घ्यावी का? – धुळे

उत्तर : शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली परवानगी हातात नसेल तर एक रुपयाही देऊ नका. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ नुसार असा व्यवहार टिकत नाही आणि जमीन मूळ खातेदाराला परत जाते. विकणाऱ्याच्या राजीखुशीने त्यात काही बदलत नाही. स्टॅम्पवर इसार, कुलमुखत्यारपत्र, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा अशा आडवाटा सुचवणारे भेटतील. अशा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही हीच परवानगी लागते.