चारपैकी तीन तिकिटं रद्द करा

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, पुण्यात बी.कॉम. केलं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या (एनएसडी) अंतिम कार्यशाळेसाठी त्याची निवड झाली आहे. आम्ही सगळे त्याच्या पाठीशी आहोत. त्याचे बाबा म्हणतात, घर गहाण टाकू पण पोराला हीरो करू. काकांनी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. पण आता तोच म्हणतो, जावं की नको कळत नाही. ‘पुरुषोत्तम’ करंडक एकांकिका स्पर्धेला आम्ही मुद्दाम त्याचं काम बघायला गेलो, तर तो स्टेजवर नव्हताच, लाईटवर बसला होता. घरीही तुपाच्या डब्यात बल्ब बसवून त्यावर रंगीत जिलेटिन लावत बसतो. ते सोड आणि ॲक्टिंगकडे बघ, असं सांगून दमलो. त्याला हिंमत द्या. – एक आई, मिरज

उत्तर : ताई, नाटकाचं नाव काढलं की घरात भांडी आपटतात, अशी पत्रं माझ्याकडे ढिगाने येतात. तुमचं घर तसं नाही, याचा आनंद आहे. तरी पत्र वाचून मला काळजी वाटली ती त्या फ्लेक्सची. कार्यशाळा हा निवडीचा शेवटचा टप्पा, अंतिम यादी अजून लागायची आहे. नाव आलं नाही तर पोराला दूध आणायलाही त्याच चौकातून जायचंय, हे काकांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आणि ‘घर गहाण टाकू’. बाबा हे मायेनेच म्हणतात, पण पोराला त्यात हप्ता ऐकू येतो. तीन वर्षांनी आपण घर सोडवू शकलो नाही तर, हा विचार डोक्यात घेऊन कोण कार्यशाळेत मोकळेपणाने उभा राहील? शिवाय गहाण टाकायचं कशासाठी? तिथे प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती असते. रक्कम यंदाच्या माहितीपत्रकात बघा, मग हिशेब मांडा.

आता ‘हीरो’. एनएसडी म्हणजे नट घडवायचा कारखाना, हा समज तुमच्या घरात घट्ट बसलाय. १९५९ साली सुरू झालेली ही संस्था नाटक शिकवते, आणि नाटकात नट हा एक भाग. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात सुरुवातीला सगळ्यांना सगळं करावं लागतं. आवाज, अभिनय, नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, सगळं. पुढे कुणी अभिनयाकडे जातो, कुणी दिग्दर्शन आणि रंगतंत्राकडे. १९६२ ते १९७७ या काळात ती चालवणारे इब्राहिम अल्काझी (जन्म पुण्याचा, बरं का) नेपथ्याच्या बाबतीत किती काटेकोर होते, हे रंगभूमीवरची जुनी माणसं अजून सांगतात. मराठी नाटकाची जाहिरात उघडून बघा, प्रकाशयोजनाकाराचं नाव स्वतंत्र छापलेलं असतं. तुमच्या मुलाने तुपाच्या डब्यातून हेच काम चालवलंय. त्याची हिंमत गेलेली नाही. तुम्ही ज्या माणसाला दिल्लीला पाठवताय तो माणूस आपण नाही, हे तुम्हाला कसं सांगावं, एवढंच त्याला सुचत नाहीये.

हे काम पोटापाण्याला सोपं आहे, असं मी म्हणणार नाही. बरेचदा पैसे प्रयोगागणिक मिळतात आणि प्रयोग थांबले की तेही थांबतात. हे त्याला माहीत असणार, तुम्हीही माहीत करून घ्या. यंदा नाही जमलं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी आहेच. स्पर्धा परीक्षेचं नाव मात्र या वर्षी घरात काढू नका.

त्याच्यासाठी एकच निरोप : कार्यशाळेत अभिनयही बघतात, तो कर. पण मुलाखतीत काय आवडतं असं विचारलं तर डब्यांबद्दल सांग. फोटो असतील तर ने.

आणि ताई, फ्लेक्स आजच उतरवा. गोवा एक्स्प्रेसची चौघांची तिकिटं काढल्याचं पत्रात आणखी एके ठिकाणी लिहिलंय, त्यातली तीन रद्द करा. डब्यात धपाटे द्या, दोन दिवस टिकतात.