शेजारी देशांनी बॉर्डरवरच्या मालवाहतुकीच्या सुधारणा एकत्रच का करायच्या, आपापल्या केल्या तर चालत नाही का?

एकट्याने करून फारसा उपयोग नाही हो, इकडचं कस्टम्स चोवीस तास उघडं आणि पलीकडचं गेट संध्याकाळी बंद, मग ट्रक रात्रभर तिथेच उभा. झांबिया-झिम्बाब्वेमधलं चिरुंडू बघा, २००९ मध्ये तिथे वन स्टॉप बॉर्डर पोस्ट सुरू झालं, म्हणजे दोन्ही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी बसणार आणि गाडी एकदाच थांबणार. पण आपला अधिकारी दुसऱ्याच्या जमिनीवर काम करणार म्हटल्यावर दोन्हीकडे कायदे बदलावे लागतात, खरी डोकेदुखी ती. सह्या काय, पटकन होतात! भूतान, बांगलादेश, भारत, नेपाळने २०१५ ला मोटार वाहन करार केला आणि पुढच्याच वर्षी तो भूतानच्या संसदेत अडकला.