थर्मोस्टॅट ‘ऑफ’, तरी हीटरमध्ये करंट

प्रश्न : आम्ही अमेरिकेत जुन्या घरात राहतो. हॉलमध्ये भिंतीच्या बुडाशी दोन बेसबोर्ड हीटर आहेत, एक १५०० वॉटचा आणि एक १००० वॉटचा, दोन्ही २४० व्होल्टचे. जुना थर्मोस्टॅट (खोलीच्या तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा स्विच) दोन वायरींचा होता, नवीन आणलाय तो चार वायरींचा. एकावर दोन्ही हीटर चालतील का? जुना ‘ऑफ’ करून हीटरच्या दोन वायरींना मीटर लावला तर शून्य आलं. म्हणजे कामाला हात घालायला हरकत नाही ना?
— एक वाचक

उत्तर : हरकत आहे! तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण जिवाशी गाठ त्याचीच आहे.

तिकडच्या २४० व्होल्टच्या हीटरला न्यूट्रल नसतो, दोन्ही वायरी फेजच्या. एरवी न्यूट्रल असणारी पांढरीसुद्धा. दोन वायरींचा थर्मोस्टॅट त्यातली एकच तोडतो. दुसरी हीटरपर्यंत जिवंतच राहते आणि तिचा करंट कॉइलमधून पलीकडच्या टोकालाही येऊन बसतो. दोन्ही टोकांवर व्होल्टेज सारखंच, म्हणून मीटर शून्य दाखवतो. आता मीटरचं एक टोक अर्थिंगच्या उघड्या तांब्याच्या वायरीला आणि दुसरं हीटरच्या वायरीला लावून बघा, १२० दिसतील. तेव्हा पॅनेलमधला, दोन्ही फेज एकदम तोडणारा जोडब्रेकर पाडा, मग वायर-वायर आणि प्रत्येक वायर-अर्थिंग, असं तीनदा मोजा. त्याआधी चालू सॉकेटवर मीटर तपासून घ्या. बिघडलेला मीटरही शून्य दाखवू शकतो.

चार वायरींचा घेतलात ते उत्तम केलंत, तो दोन्ही फेज तोडतो. ‘लाइन’ लिहिलेल्या दोन वायरी पॅनेलकडून आलेल्या केबलला, ‘लोड’च्या दोन हीटरकडे जाणाऱ्या केबलला. जुन्या डब्यात बहुधा दोन पांढऱ्या वायरी एकमेकींना पिळून टोपी घातलेली असेल. ती जोडणी आता सोडवावी लागेल, आणि पांढऱ्यांना काळी किंवा लाल टेप गुंडाळा, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होणार नाही. अर्थिंग सगळी एकत्र.

एका थर्मोस्टॅटवर दोन्ही हीटर खुशाल चालतील, फक्त पॅरललमध्ये, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण २४० व्होल्ट मिळतील असे. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडलेत तर दोन्ही कोमटच राहतील. २५०० वॉट म्हणजे साधारण साडेदहा अँपिअर. २० अँपिअरच्या ब्रेकरवर, बारा गेज जाडीच्या तांब्याच्या वायरीवर, हीटरचा भार ३८४० वॉटपर्यंत धरतात. तुमचं सर्किट तसं असेल तर तुम्ही बरेच आत आहात. थर्मोस्टॅटच्या पाठीवरचा अँपिअरचा आकडा मात्र वाचा. वायर ॲल्युमिनियमची निघाली तर तिथेच थांबा आणि लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा. परमिट लागतं का, तेही त्यालाच विचारा.

आणखी एक. उद्या कुणी मोबाइलवर चालणारा थर्मोस्टॅट सुचवेल. त्यातले बरेचसे २४ व्होल्टचे, सगळं घर तापवणाऱ्या भट्टीसाठी (फर्नेस) केलेले असतात. २४० वर थेट जोडलात तर तो जळेलच, आग लागण्याचाही धोका. खोक्यावर ‘लाइन व्होल्टेज’ (म्हणजे थेट घरच्या विजेवर चालणारा) लिहिलेलं नसेल तर दुकानातच ठेवून या.