ग्रीसच्या लेस्बोस बेटावरचा मोलिवोस संगीत महोत्सव ऐकायचा असेल तर मुक्काम कुठे करावा?

मुक्काम मोलिवोस गावातच करावा, बेटाची राजधानी असलेल्या मितिलिनीत नव्हे. कारण ऑगस्टमधल्या मुख्य मैफली गावाच्या माथ्यावरील बायझंटाइन किल्ल्यात, उघड्या आकाशाखाली होतात आणि मितिलिनी तेथून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे, त्यामुळे मैफल संपल्यावर घाटवळणांच्या रस्त्याने परतणे दमवणारे ठरते. दानाए आणि किवेली डॉर्केन या पियानोवादक भगिनींनी २०१५ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव चेंबर संगीताचा, म्हणजे मोजक्या वादकांचा आहे. येथे प्रत्येकाचा भाग स्वतंत्रपणे उमटतो, म्हणून शक्यतो पुढे बसावे, म्हणजे तारेवरून फिरणाऱ्या गजाची खरखरही ऐकू येते. मात्र किल्ल्याकडे जाणाऱ्या गल्ल्या चढणीच्या आणि दगडी फरसबंदीच्या असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी वरच्या आळीतच खोली पाहावी.