वाचक विचारतात : पखवाजाची कणीक आणि ऑर्गनचं मौन

आमचं भजनी मंडळ खानापूर तालुक्यातलं. पुरुष पेटीच्या काळी 1 पट्टीत गातात, महिलांचा हरिपाठ काळी 4 मध्ये असतो. पखवाज एकच. पावसाळ्यात तो सारखा उतरतो, आणि परवा चढवताना ताण देणारी कातडी पट्टी, म्हणजे वादीच तुटली. चुकतं कुठे?

वादी तुटली ती पावसामुळे नव्हे, काळी 4 मुळे. काळी 1 ते काळी 4 म्हणजे सा ते पंचम एवढं अंतर. पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, आपल्या मूळ स्वराच्या एखाद-दोन पट्ट्या वर-खाली सोसते. पंचमापर्यंत ओढली की वादी तरी जाते, नाहीतर पुडीच्या कडेचा विणलेला गजरा फाटतो. महिलांसाठी लहान तोंडाचा दुसरा पखवाज घ्या. तोवर आहे तो काळी 1 मध्येच ठेवा. महिलांच्या पट्टीत तो मध्यम बोलेल. मध्यम ठळक असलेल्या चालींना ते चालून जातं, बाकीच्यांत बोचतं.

आता पाऊस. कातडं ओल धरतं आणि सैल पडतं. भजनाच्या तासभर आधी पखवाज खोळीतून काढून भजनाच्याच खोलीत ठेवा. शेगडीजवळ धरायची सवय बऱ्याच मंडळांत आहे, ती सोडा. एकदम ऊब लागली की पुडीवरची काळी शाई तडकते. आधी वादीखालचे लाकडी गट्टे सारून स्वर जवळ आणा, मग हातोडीने गजऱ्यावर बारीक काम करा. वरून ठोका दिला की स्वर चढतो, खालून दिला की उतरतो. गजऱ्याची 16 घरं, म्हणजे वादीच्या दोन ओढींमधल्या जागा, ओळीने ठोकत जाऊ नका. पहिल्यानंतर समोरचं नववं, मग पाचवं आणि तेरावं, असं समोरासमोर गेलात तर ताण सगळीकडे सारखा बसतो.

डाव्या तोंडाची कणीक पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल हवी. त्यात मीठ नको, तेलही नको. तेलाने ती चिकटत नाही. कातड्याला पाण्याचं बोट फिरवून गोळा मधोमध दाबा आणि कडेकडे पातळ करत न्या. धूम, म्हणजे डाव्या तोंडाचा खर्ज नाद, वरचा बोलत असेल तर कणीक वाढवा, फारच खाली गेला तर थोडी खरवडा. रात्रभराच्या जागराला कणीक सुकून हलकी होते आणि धूम चढतो, म्हणून पाण्याची वाटी शेजारी असू द्या. भजन संपलं की कणीक त्याच रात्री काढा. राहिली तर वाळून कातडं ओढते, आणि उंदरांना आयतं जेवण मिळतं ते वेगळंच.

बेळगावच्या कॅम्प भागात आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांकडे ईस्टरआधी कॉयर गातं, पण ऑर्गन एकटा कधी वाजत नाही. हा शोक का?

शोक नव्हे, उपास, अन्नासारखाच सुरांचाही. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, काळात वाद्यांनी फक्त गाण्याला आधार द्यायचा, असा नियम आहे. त्याला चौथा रविवार आणि मोठे सण अपवाद. ‘आलेलुया’ हा उद्गारही या काळात गात नाहीत. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळी ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत होताना घंटा वाजतात, त्या थेट ईस्टरच्या जागरणातल्या ‘ग्लोरिया’पर्यंत गप्प. पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर वर्षभर नुसता गळाच चालतो.

उरुसात कव्वाली चालते, मशिदीत मात्र वाद्य नाही. असं का?

कुराणपठणाला मुसलमान गाणं म्हणतच नाहीत. त्याचे नियम उच्चारांचे, तजवीदचे. स्वर कुठे किती मात्रा लांबवायचा (साधा 2, काही ठिकाणी 6 पर्यंत) हे ठरलेलं. कितीही गोड गळा असला तरी अक्षर बिघडलं की पठण चुकलं. कव्वाली ही सूफींच्या ‘समा’ची, म्हणजे भक्तिसंगीत ऐकण्याच्या बैठकीची, परंपरा. चिश्ती पंथाच्या सूफींनी ती जोपासली, अनेक उलेमांना (धर्मपंडितांना) ती मान्य नव्हती, आणि हा वाद आजही मिटलेला नाही. बैठकीत रिवाजाने आधी हम्द म्हणजे अल्लाहची स्तुती, मग ‘नात’ म्हणजे पैगंबरांची स्तुती, मग मनकबत म्हणजे संतांची.

गुरु ग्रंथ साहिबमधली नामदेवांची पदं आम्हाला भजनात घ्यायची आहेत. चाल कशी लावावी?

ग्रंथात नामदेवांची 61 पदं आहेत. ग्रंथाची मुख्य मांडणीच 31 रागांनुसार असल्याने पद ज्या रागाखाली आलंय तो आधी पाहा. मग ‘रहाउ’ लिहिलेली ओळ शोधा. तेच ध्रुवपद. ती बहुधा पहिल्या कडव्यानंतर छापलेली असते, पण गाताना तिच्यापासून सुरुवात करायची आणि दर कडव्यानंतर तिच्यावर यायचं. नवखी मंडळं छापलेल्या क्रमाने सरळ गात सुटतात आणि पदाचा मुद्दाच निसटतो. भाषा आपल्या गाथेतली नाही, तेव्हा उच्चार आधी बसवा. पेटी नसली तरी अडत नाही. गुरु नानकांसोबत मर्दाना वाजवायचे तो रबाब; पेटीचा पूर्वज असलेल्या हार्मोनियमचं पेटंटच पॅरिसमध्ये 1842 सालचं.

मुंडगोडच्या तिबेटी मठात लांबलचक कर्णे पाहिले. बौद्धांच्या अष्टशीलात, म्हणजे आठ नियमांत, गीत-वाद्य वर्ज्य ना?

सातव्या शीलात नाच-गाणं-वाजवणं आहे खरं, पण त्याचा रोख करमणुकीवर. थेरवादी भिक्खू म्हणून वाद्याविना सूत्रं म्हणतात. तिबेटी परंपरेत नाद हाच पूजेचा उपचार. ते कर्णे म्हणजे ‘दुंगचेन’. लांबी 3 मीटरपर्यंत, कधी त्याहून जास्त, आणि नळीत नळी सारून मिटवता येतात. वाजवतात जोडीनेच. एक वादक दम घेतो तेव्हा दुसरा नाद धरून ठेवतो.