घरातले वायू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पाइपचा गॅस आहे, तर मुलगा नव्या फ्लॅटमध्ये सिलिंडर वापरतो. गळतीची खबरदारी दोन्हीकडे सारखीच का? आमची जुनी शेगडी त्याला देता येईल का?

उत्तर : गळलेला वायू कुठे साठतो, यात मोठा फरक आहे. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असून तो हवेपेक्षा बराच हलका असल्याने छताकडे चढतो. सिलिंडरमधले प्रोपेन आणि ब्युटेन मात्र हवेच्या दीड ते दोन पट जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतात आणि ओट्याखाली किंवा मोरीत साचून राहतात. म्हणून आपल्याकडे वरचा झरोका उघडा हवा, मुलाकडे स्वयंपाकघराला जमिनीलगत जाळी हवी. हवेत सिलिंडरचा गॅस सुमारे 2 टक्के झाला तरी तो ठिणगीने पेटू शकतो; मिथेनला सुमारे 5 टक्के लागतात. वास येताच गॅसचा कॉक बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, पण दिव्या-पंख्याचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते.

शेगडी तशीच देऊ नका. तेवढ्याच आकारमानाच्या सिलिंडरच्या गॅसमधून सुमारे अडीच पट उष्णता मिळते, म्हणून त्याच्या शेगडीतल्या जेटचे, म्हणजे ज्यातून गॅस बर्नरमध्ये सुटतो त्या तोटीचे, छिद्र बारीक असते. आपल्या शेगडीचे मोठे जेट तिथे चालवल्यास ज्योत उंच व पिवळी होऊन भांडी काळी पडतील. कारागिराकडून जेट बदलून घ्यावेत.

प्रश्न : लीलो चेवड्याच्या (बटाट्याच्या ओलसर गुजराती चिवड्याच्या) फुगलेल्या पाकिटात कोणता वायू असतो?

उत्तर : अशा पाकिटांत बहुधा नायट्रोजन भरतात. आपल्या श्वासातल्या हवेतही तो 78 टक्के असतो, त्यामुळे काळजीचे कारण नाही. ऑक्सिजन नसल्याने तेल खवट होत नाही, इतकेच.

प्रश्न : उत्तरायणाच्या थंडीत न्हाणीघराची खिडकी बंद ठेवून गॅस गीझर लावतो. गॅसचा वास येत नाही, म्हणजे धोका नाही ना?

उत्तर : धोका आहे, आणि हे मी फार कळकळीने सांगतो. गॅसला वास यावा म्हणून त्यात मुद्दाम मिसळलेले द्रव्य गॅसबरोबर जळून जाते. कोंदट जागेत ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला रंगही नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि माणसाला दारापर्यंत पोहोचण्याचेही बळ राहत नाही. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. तोपर्यंत बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, खिडकी उघडून आतली हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मगच अंघोळीला बसावे. कोणी आत बेशुद्ध आढळल्यास आधी मोकळ्या हवेत आणावे आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तिथे ऑक्सिजन देणे हाच मुख्य उपचार असतो.